साखळी आणि सांधे : अमेरिकेतील प्रक्षेपण-व्यवसायाचे उभे संयोजन

इंग्रजीतील ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द मूळचा शेतीतला. मुठीत बी घेऊन ते शेतभर विखरून टाकणे, म्हणजे मराठी शेतकरी ज्याला ‘फोकून पेरणे’ म्हणतो ती क्रिया, हा त्याचा मूळ अर्थ होय. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत बिनतारी ध्वनिवहनाला हे नाव मिळाले, तेव्हा त्यामागची कल्पना स्पष्ट होती. तार दोन ठिकाणांना जोडते. ही लहरींची पेरणी मात्र कोणा एकासाठी नसून ज्याच्यापाशी ग्रहणयंत्र असेल त्या प्रत्येकासाठी आहे. या शब्दाशेजारीच अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यात दुसरी एक संज्ञा आढळते. ती म्हणजे ‘चेन ब्रॉडकास्टिंग’, अर्थात साखळी-प्रक्षेपण. परस्परांशी जोडलेल्या दोन किंवा अधिक केंद्रांवरून एकच कार्यक्रम एकाच वेळी प्रक्षेपित करणे, अशी तिची व्याख्या कायद्याने केली आहे. पेरणी आणि साखळी या दोन प्रतिमा एकाच व्यवसायाच्या आहेत; परंतु पहिली श्रोत्याच्या बाजूने पाहिलेली आहे, तर दुसरी मालकाच्या बाजूने. श्रोत्याला शेवटचे दाणे तेवढे दिसतात. ते कोणत्या हातांतून आले हे त्याला सहसा दिसत नाही.

या हातांची मालमत्ता एकाच संस्थेकडे गेली असता काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी अमेरिकेचे उदाहरण घेतले आहे. याचे कारण असे की, तेथे प्रक्षेपण हा प्रारंभापासून प्रामुख्याने खाजगी व्यवसाय राहिला आणि त्यामुळे मालकीचा प्रश्न तेथील आयोगांपुढे व न्यायालयांपुढे शंभर वर्षे वारंवार येत राहिला.

१. कड्या आणि सांधे

प्रक्षेपणाच्या साखळीत स्थूलमानाने पाच कड्या मानता येतात. पहिली कडी निर्मितीची. तीत लेखक, नट, गायक आणि निर्माते येतात. दुसरी कडी संकलनाची. निरनिराळे कार्यक्रम निवडून त्यांचे वेळापत्रक बनविणारे जाळे अथवा वाहिनी ती हीच. तिसरी कडी वहनाची. कार्यक्रम एका गावाहून दुसऱ्या गावी नेणाऱ्या तारा, पुढील काळातील उपग्रह आणि आजचे इंटरनेट यांचा तीत समावेश होतो. चौथी कडी वितरणाची, म्हणजे स्थानिक प्रक्षेपण केंद्राची किंवा घरोघर तार पोहोचविणाऱ्या केबल-कंपनीची. पाचवी कडी घरातील ग्रहणयंत्राची.

एकाच कडीतील अनेक संस्था एका मालकाकडे गेल्या, उदाहरणार्थ एकाने वीस केंद्रे विकत घेतली, तर त्यास अर्थशास्त्रात आडवे संयोजन म्हणतात. लागोपाठच्या निरनिराळ्या कड्या एका मालकाकडे गेल्या तर ते उभे संयोजन होय. आडव्या संयोजनाचे दुष्परिणाम ओळखणे तुलनेने सोपे असते. बाजारात दहा विक्रेत्यांऐवजी दोन उरले हे मोजता येते. उभ्या संयोजनात मात्र प्रत्येक कडीतील स्पर्धकांची संख्या पूर्वीइतकीच राहते. बदल होतो तो दोन कड्यांमधील सांध्यावर. तेथे पूर्वी एक विक्रेता आणि एक ग्राहक समोरासमोर बसून सौदा करीत असत. आता तेथे एकाच संस्थेच्या दोन खात्यांमधील पत्रव्यवहार चालतो. या सांध्यावर दोन गोष्टी ठरतात. बाहेरच्या माणसाचा माल आत येऊ द्यावयाचा की नाही ही पहिली, आणि आलेल्या मालाची किंमत काय ही दुसरी. मालकांची संख्या मोजण्यापेक्षा या दोन गोष्टींकडे लक्ष दिल्यास प्रक्षेपण-व्यवसायाचा इतिहास अधिक स्पष्ट दिसू लागतो.

२. तारेचा नकार

१९१९ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने अमेरिकन शासनाच्या उत्तेजनाने ‘रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ ही संस्था स्थापन केली. पेटंटांच्या देवाणघेवाणीतून अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ आणि वेस्टिंगहाउस या कंपन्याही लवकरच तिच्या भागीदार झाल्या. २ नोव्हेंबर १९२० रोजी वेस्टिंगहाउसच्या पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रक्षेपित केले. कार्यक्रम विकणे हा वेस्टिंगहाउसचा व्यवसाय नव्हता. कार्यक्रम ऐकण्यासाठी लोकांनी ग्रहणयंत्रे विकत घ्यावीत हा तिचा उद्देश होता. म्हणजे पाचव्या कडीचा नफा व्हावा म्हणून उरलेल्या कड्या अस्तित्वात आल्या.

टेलिफोन कंपनीची दृष्टी निराळी होती. १९२२ साली तिने न्यूयॉर्क येथे डब्ल्यूईएएफ हे केंद्र सुरू केले, ते सार्वजनिक टेलिफोनच्या धर्तीवर. जो पैसे भरील त्याने बोलावे, अशी ही व्यवस्था होती. २८ ऑगस्ट १९२२ रोजी एका गृहबांधणी संस्थेने ५० डॉलर भरून आपल्या घरांची माहिती सांगितली, आणि प्रक्षेपणातील जाहिरात जन्मास आली. परंतु टेलिफोन कंपनीचे खरे सामर्थ्य तिच्या लांब पल्ल्याच्या तारांत होते. दूरची केंद्रे जोडून साखळी निर्माण करावयाची तर उत्तम प्रतीची तार तिच्यापाशीच होती, आणि ही तार प्रतिस्पर्ध्यांच्या केंद्रांना देण्यास ती राजी नव्हती. रेडिओ कॉर्पोरेशनच्या गटाला नाइलाजाने तारायंत्राच्या तारांवर काम भागवावे लागले. त्या तारा मनुष्याचा आवाज वाहून नेण्यासाठी बनविलेल्याच नव्हत्या. साहजिकच कार्यक्रमात खरखर येई. प्रतिस्पर्ध्याला बोलण्याची मनाई कोणीच केली नव्हती. त्याचा आवाज चांगला पोहोचणार नाही एवढीच व्यवस्था सांध्यावर झाली होती.

हा झगडा १९२६ मध्ये तडजोडीने मिटला. टेलिफोन कंपनीने आपले केंद्र १० लक्ष डॉलरांना रेडिओ कॉर्पोरेशनला विकले आणि कार्यक्रमांच्या व्यवसायातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनी (एनबीसी) स्थापन झाली आणि टेलिफोन कंपनीच्या तारा तिने भाड्याने घेतल्या. वहनाची कडी आणि संकलनाची कडी यांच्यामध्ये पुनश्च उघड सौदा सुरू झाला.

इतर सांधे मात्र एकामागून एक बंद होत होते. रेडिओ कॉर्पोरेशनकडे ग्रहणयंत्रांची पेटंटे होती. एनबीसीची ‘लाल’ व ‘निळी’ अशी दोन जाळी होती. १९२८ मध्ये आरकेओ ही चित्रपटसंस्था आणि १९२९ मध्ये व्हिक्टर ही ध्वनिमुद्रिकांची कंपनी तिच्या कक्षेत आली. १९३० मध्ये न्यायखात्याने तिच्याविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला. १९३२ च्या संमतिपत्रान्वये जनरल इलेक्ट्रिक व वेस्टिंगहाउस यांना तिच्यातील आपला मालकी-हिस्सा सोडावा लागला. माथ्यावरचे मालक दूर झाले. खालची साखळी अभंग राहिली.

३. १९३९ मधील न ऐकलेले सामने

साखळी श्रोत्याला नेमकी कोठे आवळते, हे १९३९ च्या शरद ऋतूत दिसून आले. बेसबॉलच्या ‘वर्ल्ड सीरिज’ या राष्ट्रीय स्पर्धेच्या वर्णनाचे हक्क त्या वर्षी म्युच्युअल या तुलनेने दुर्बळ जाळ्याला मिळाले होते. ज्या गावांत एकच केंद्र होते आणि ते एनबीसीशी किंवा कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिमशी (सीबीएस) करारबद्ध होते, त्या केंद्रांनाही म्युच्युअलने हा कार्यक्रम देऊ केला. दोन्ही मोठ्या जाळ्यांनी तत्काळ करारातील अनन्यतेच्या कलमावर बोट ठेवले. दुसऱ्या जाळ्याचा कार्यक्रम घेण्यास केंद्रांना मनाई झाली, आणि देशाच्या अनेक भागांतील हजारो लोकांना ते सामने ऐकता आले नाहीत. कार्यक्रम तयार होता, केंद्र तयार होते, श्रोता तयार होता. अडले ते फक्त सांध्यावर.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यांपैकी बहुसंख्य केंद्रे जाळ्यांच्या मालकीची नव्हतीच. ती नावाने स्वतंत्र होती. बांधली गेली होती ती करारांनी. अनन्यतेच्या कलमाखेरीज, केंद्राच्या वेळापत्रकातील मोठा भाग जाळ्याने मागताक्षणी मोकळा करून द्यावा, असेही कलम त्या करारांत असे. मालकी हा उभ्या संयोजनाचा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नव्हे; दीर्घ मुदतीचा एकतर्फी करार तेच कार्य अल्प खर्चात साधू शकतो.

फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या शासकीय आयोगाने १९३८ पासून चौकशी चालविली होती. १९३८ च्या अखेरीस देशात ६६० व्यापारी केंद्रे होती आणि त्यांपैकी ३४१ राष्ट्रीय जाळ्यांना जोडलेली होती. म्हणजे संख्येने निम्मी केंद्रे जाळ्यांबाहेर होती. परंतु रात्रीच्या एकूण प्रक्षेपणशक्तीपैकी ९७ टक्क्यांहून अधिक शक्ती जाळ्यांशी संलग्न केंद्रांची होती, आणि एनबीसी व सीबीएस या दोघांकडे मिळून ८५ टक्क्यांहून अधिक होती. केवळ संख्या मोजणे किती फसवे ठरते याचे हे उत्तम उदाहरण होय. आयोगाला आणखी एक विसंगती आढळली. जाळी कलावंतांचे अडत्येही बनली होती. अडत्या या नात्याने कलावंताला जास्तीत जास्त मेहनताना मिळवून देणे हे त्यांचे कर्तव्य, आणि त्याला कामावर घेणारा या नात्याने तो मेहनताना कमी ठेवणे हा त्यांचा स्वार्थ. सौद्याच्या दोन्ही बाजूंना एकच पक्ष बसला होता.

मे १९४१ मध्ये आयोगाने आपला अहवाल व नियम प्रसिद्ध केले. त्यांचे स्वरूप लक्षणीय आहे. जाळी मोडून टाकावीत असे त्यांत नाही. केंद्राला दुसऱ्या जाळ्याचा कार्यक्रम घेण्यास मनाई करता येणार नाही, केंद्राचा कार्यक्रम नाकारण्याचा हक्क काढून घेता येणार नाही, करारांची मुदत मर्यादित असेल, आणि दोन जाळी चालविणाऱ्या संस्थेशी संलग्न केंद्रास परवाना मिळणार नाही, अशा तरतुदी त्यांत होत्या. दोन्ही जाळ्यांनी त्याच वर्षी कलावंतांच्या अडतीची खाती विकून टाकली. नियमांना मात्र त्यांनी न्यायालयात आव्हान दिले. मे १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्या निकालपत्राने आयोगाचा अधिकार मान्य केला. ध्वनिलहरींची संख्या मर्यादित असल्याने सर्वांनाच परवाना मिळणे शक्य नाही, म्हणून तो देताना लोकहित पाहणे हा भाषणस्वातंत्र्याचा संकोच नव्हे, असे त्याचे तात्पर्य होते. एनबीसीने निळे जाळे ८० लक्ष डॉलरांना विकले. त्यातूनच अमेरिकन ब्रॉडकास्टिंग कंपनी (एबीसी) उदयास आली.

४. संयोजनाच्या बाजूने

उभ्या संयोजनाची दुसरी बाजू पाहिल्याविना त्याचा विचार पूर्ण होणार नाही. ही बाजू अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्पेंग्लर यांनी १९५० मध्ये नेमकेपणाने मांडली. तिचे मर्म एका काल्पनिक उदाहरणाने समजावून घेता येईल. एका गावात एकच केबलवाला आहे आणि तो एका निर्मात्याकडून एक वाहिनी घेतो. वाहिनी फुकट असेल तर शंभर घरे ती घेतील, आणि दरमहा किंमत एकेक रुपयाने वाढताच एकेक घर कमी होईल, असे मानू. खर्च सोयीसाठी शून्य धरू. दोघे स्वतंत्र असतील तर निर्माता आपला सर्वाधिक नफा पाहून दर घरामागे ५० रुपये मागेल. त्यावर केबलवाला आपला नफा चढवून ७५ रुपये किंमत ठेवील. वाहिनी घेणारी घरे २५ राहतील. निर्मात्याला १,२५० आणि केबलवाल्याला ६२५, असे एकूण १,८७५ रुपये मिळतील. दोघांचा मालक एकच असेल तर तो ५० रुपये किंमत ठेवील. ५० घरे वाहिनी घेतील. नफा २,५०० रुपये होईल. किंमत उतरली, प्रेक्षक दुप्पट झाले आणि मालकाचा नफाही वाढला. नफ्यावर नफा चढण्याचे टळल्याने हे घडले.

हा युक्तिवाद तर्काने निर्दोष आहे. पण त्यात गावातील निर्माता एकच आहे हे विसरता कामा नये. दुसरा निर्माता आपली वाहिनी घेऊन त्याच केबलवाल्याच्या दारी आला, तर काय होईल, हा प्रश्न त्या उदाहरणात उद्भवतच नाही. प्रत्यक्षात तो लगेच उद्भवतो. १९९६ मध्ये टाइम वॉर्नर व टर्नर यांचे एकीकरण झाले, आणि सीएनएन ही वृत्तवाहिनी व न्यूयॉर्कमधील प्रमुख केबल-यंत्रणा एका मालकाकडे आल्या. त्याच वर्षी निघालेल्या फॉक्स न्यूज या प्रतिस्पर्धी वाहिनीला त्या यंत्रणेवर जागा नाकारण्यात आली. व्यापार आयोगाने एकीकरणाला मान्यता देताना एक स्वतंत्र वृत्तवाहिनी दाखविण्याची अट घातली होती. कंपनीने त्यासाठी एमएसएनबीसीची निवड केली. प्रकरण नगरपालिका व न्यायालये यांच्यापर्यंत जाऊन १९९७ मध्ये तडजोडीने मिटले. ज्या वाहिनीमागे मोठे भांडवल होते तिलाही दार उघडून घेण्यास एवढे सायास पडले, हे येथे विचारात घेण्याजोगे आहे.

५. सांध्यावरील किंमत

दाराच्या प्रश्नाइतकाच किंमतीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. दूरचित्रवाणीच्या काळात तीन जाळी सर्वशक्तिमान झाली. बाहेरच्या निर्मात्याचा कार्यक्रम घेताना त्यातील मालकीचा वाटा मागणे त्यांना सहज शक्य होते. यावर आयोगाने १९७० मध्ये नियम केला. त्यान्वये बाहेरच्या निर्मात्यांच्या कार्यक्रमांत जाळ्यांना आर्थिक हितसंबंध ठेवता येत नव्हता, आणि ते कार्यक्रम पुनःप्रक्षेपणासाठी स्थानिक केंद्रांना विकण्याचा धंदाही करता येत नव्हता. परिणामी सीबीएसने आपले विक्रीखाते १९७१ मध्ये ‘व्हायाकॉम’ या नावाने वेगळे केले. हा नियम १९९१ मध्ये शिथिल झाला. त्या सुधारित नियमालाही १९९२ मध्ये अपील न्यायालयाने अपुऱ्या कारणमीमांसेस्तव अमान्य केले. १९९५ मध्ये उरलेसुरले निर्बंधही संपले.

पुढील घटना झपाट्याने घडल्या. १९९५ च्या जुलैमध्ये डिस्नेने एबीसीच्या मालक कंपनीस सुमारे १,९०० कोटी डॉलरांना विकत घेण्याचे जाहीर केले. सीबीएसमधून निघालेल्या व्हायाकॉमने २००० मध्ये सीबीएसच विकत घेतली. वॉर्नर व पॅरामाउंट या चित्रपटसंस्थांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये नवी जाळीच सुरू झाली. निर्माता जाळ्याकडे सरकला, जाळे निर्मात्याकडे सरकले, आणि दोहोंमधील सांधा नाहीसा झाला.

तेथे काय हरपले, हे पुढे काही दाव्यांतून उघड झाले. ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेचे नायक डेव्हिड डुकोव्हनी यांनी १९९९ मध्ये फॉक्सविरुद्ध दावा लावला. मालिकेच्या पुनःप्रक्षेपणाचे हक्क फॉक्सने आपल्याच दुसऱ्या वाहिनीला खुल्या बाजारापेक्षा कमी किंमतीत दिले, आणि त्यामुळे नफ्यातील आपला वाटा बुडाला, अशी त्यांची तक्रार होती. २००० मध्ये उभयतांत तडजोड झाली. ‘बोन्स’ या मालिकेच्या निर्मात्या-कलावंतांच्या अशाच तक्रारीवर २०१९ मध्ये एका लवादाने सुमारे १७ कोटी ९० लक्ष डॉलरांचा निवाडा दिला. त्यातील दंडात्मक भाग न्यायालयाने नंतर वगळला, आणि त्याच वर्षी प्रकरण समेटाने संपले. दोन्ही प्रकरणांचे मर्म एकच आहे. विकणारा आणि विकत घेणारा एकच असला की किंमत ही किंमत राहत नाही, ती हिशेबवहीतील नोंद होते. एका खिशातला रुपया दुसऱ्या खिशात गेल्याने मालकाचे काही जात नाही. परंतु पहिल्या खिशातील रकमेवर ज्याचा टक्का ठरलेला आहे, त्या लेखकाचे, नटाचे वा निर्मात्याचे नुकसान होते. आणि तुलना करण्यास खुला बाजार उरला नसेल, तर ते नुकसान सिद्ध करणेही कठीण होते.

६. टेलिफोन कंपनीचे पुनरागमन

१९२६ मध्ये कार्यक्रमांचा व्यवसाय सोडून गेलेली टेलिफोन कंपनी नव्वद वर्षांनी त्याच वाटेवर परत आली. मधल्या काळात १९८४ मध्ये तिचे विभाजन झाले होते, आणि त्या विभाजनातून निघालेल्याच एका कंपनीने २००५ मध्ये मूळ कंपनी विकत घेऊन तिचे नाव धारण केले होते. या नव्या कंपनीने २०१५ मध्ये डायरेक्टीव्ही ही उपग्रह-वितरणसंस्था घेतली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये टाइम वॉर्नर विकत घेण्याचे जाहीर केले. न्यायखात्याने २०१७ मध्ये त्यास हरकत घेतली. लोकप्रिय वाहिन्या रोखून धरण्याची धमकी आता अधिक परिणामकारक होईल, असे शासनाचे म्हणणे होते. वाहिनी बंद पडल्यास चिडलेले ग्राहक प्रतिस्पर्धी वितरकाला सोडून याच कंपनीच्या डायरेक्टीव्हीकडे येतील; तोटा एका खात्याचा, तर लाभ दुसऱ्या खात्याचा. कंपनीने वितरकांना सात वर्षे लवादाची सोय देऊ केली. जून २०१८ मध्ये न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी शासनाचा दावा फेटाळला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. दरम्यान नोव्हेंबर २०१८ मध्ये करार न जमल्याने कंपनीची एचबीओ ही वाहिनी प्रतिस्पर्धी डिश नेटवर्कवर दिसेनाशी झाली होती.

आणि तरीही हे संयोजन टिकले नाही. २०२१ मध्ये डायरेक्टीव्ही वेगळी काढण्यात आली. एप्रिल २०२२ मध्ये टाइम वॉर्नरचा सर्व व्यवसाय डिस्कव्हरीमध्ये विलीन झाला. टेलिफोन कंपनी दुसऱ्यांदा कार्यक्रमांतून बाहेर पडली. यावरून मोठी साखळी आपोआप कोसळते, असा दिलासा घेणे चुकीचे होईल. खरी गोष्ट अशी की, साखळीतील अरुंद जागा कालमानाने सरकत असते. १९२३ मध्ये ती लांब पल्ल्याच्या तारेत होती, १९३९ मध्ये गावातील एकुलत्या एक केंद्रात, १९९६ मध्ये केबलच्या मर्यादित जागांत. टेलिफोन कंपनीने उपग्रहाची कडी घेतली तेव्हा प्रेक्षक इंटरनेटकडे वळू लागले होते. ज्यांनी नवी अरुंद जागा वेळीच ओळखली त्यांचे संयोजन दृढ झाले. उदाहरणार्थ, ॲमेझॉनकडे आज चित्रनिर्मिती आहे, २०२२ पासून एमजीएमचा चित्रसंग्रह आहे, प्राइम व्हिडिओ ही सेवा आहे, आणि ती सेवा ज्यावर पाहतात ते फायर टीव्ही हे उपकरणही आहे. वेस्टिंगहाउसने १९२० मध्ये ग्रहणयंत्रासाठी कार्यक्रम चालू केले होते. शंभर वर्षांनी ती पाचवी कडी पुन्हा पहिलीला येऊन मिळाली आहे.

७. भारतातील सांधे

भारतात खाजगी दूरचित्रवाणीचा विस्तार १९९० नंतरचा असल्याने हा प्रश्न येथे उशिरा आला. पण आला तो त्याच रूपात. घरोघर थेट उपग्रह-प्रक्षेपण पोहोचविणाऱ्या कंपन्यांसाठी २००१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली, त्यांत वाहिन्या चालविणाऱ्या व केबल-कंपन्यांना अशा कंपनीत २० टक्क्यांहून अधिक भागभांडवल धारण करता येणार नाही, अशी मर्यादा होती. २००६ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्काय या संस्थेत टाटांचा वाटा ८० आणि स्टारचा २० टक्के होता, हा योगायोग नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००४ च्या परस्परजोडणी नियमांत वेगळी वाट धरली. वाहिनीने आपले संकेत मागणाऱ्या प्रत्येक वितरकास भेदभावाविना द्यावेत, असे बंधन त्यांनी घातले. पहिला उपाय मालकी मोजणारा आहे, दुसरा सांध्यावर पहारा बसविणारा. माध्यमांच्या मालकीविषयी प्राधिकरणाने २००९ व २०१४ मध्ये सविस्तर शिफारशी केल्या. सर्वंकष कायदा मात्र झालेला नाही.

मुंबईत मुख्यालय असलेल्या रिलायन्स समूहाने २०१८ मध्ये डेन व हॅथवे या मोठ्या केबल-कंपन्यांत नियंत्रक हिस्सा घेण्याचे जाहीर केले. मोबाइल-इंटरनेटचे जाळे त्याच्यापाशी आधीच होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या नियंत्रणाखालील व्हायाकॉम-१८ आणि डिस्नेची स्टार इंडिया यांचे एकीकरण पूर्ण झाले. इंडियन प्रीमियर लीगच्या २०२३ ते २०२७ या हंगामांचे भारतातील दूरचित्रवाणी-हक्क २०२२ च्या लिलावात स्टारने, तर इंटरनेट-हक्क व्हायाकॉम-१८ ने जिंकले होते. या एकीकरणाने ते एकत्र आले. यात काही गैर घडले असे येथे सुचवावयाचे नाही. १९३९ मध्ये जे सामने दोन जाळ्यांच्या ओढाताणीत हजारोंच्या कानांपर्यंत पोहोचले नाहीत, त्या प्रकारच्या सामन्यांचे हक्क, वाहिन्या, वहन आणि वितरण या कड्या आता एका समूहाच्या कक्षेत आहेत, एवढेच नोंदवावयाचे आहे. सांध्यांवर काय चालते हे पाहण्याची गरज त्यामुळे वाढली आहे.

८. उपसंहार

या इतिहासावरून अभ्यासकाला काही प्रश्न हाती लागतात. एखादे संयोजन पुढे आले असता त्यातील अरुंद जागा आज कोणती आहे? त्या जागेवर बाहेरच्या निर्मात्याला त्याच अटींवर प्रवेश मिळतो काय? तेथील किंमत ताडून पाहण्यास खुला बाजार उरला आहे काय? १९४१ चे नियम टिकले, याचे कारण त्यांनी जाळ्यांचा आकार न पाहता हेच प्रश्न विचारले. १९३२ चे संमतिपत्र अपुरे पडले, कारण त्याने मालक बदलले आणि सांधे तसेच ठेवले.

भाषेच्या अभ्यासकास या प्रश्नांचे अगत्य अधिक असावयास हवे. ज्या भाषेचा बाजार मोठा आहे तिच्या निर्मात्याला एका दारी नकार मिळाला तर दुसरे, तिसरे दार असते. ज्या भाषेत कार्यक्रम विकत घेणारे मुळातच दोन-चार आहेत, तेथे एक सांधा बंद झाला तरी लेखकाला उरलेली दारे बोटांवर मोजता येतात. त्या भाषेत कोणत्या बोलीला स्थान मिळेल, कोणता विषय मांडला जाईल, कोणत्या गावची माणसे दिसतील, हे मग भाषकांच्या संख्येवर अवलंबून राहत नाही; सांध्याशी बसलेल्या माणसाच्या रुचीवर आणि हिशेबावर ते ठरते. १९३९ मध्ये ज्या गावकऱ्यांना सामने ऐकू आले नाहीत त्यांना निदान आपण काय गमावले हे ठाऊक होते. जो कार्यक्रम दारातूनच परत गेला आणि पुढे लिहिलाच गेला नाही, त्याचा श्रोता तक्रारसुद्धा करू शकत नाही.